पेमेंट आलं का? आलं की!

गेल्या आठवड्यात महिन्याला आठ टक्के देणाऱ्या एका ‘ट्रेडिंग’वाल्यावर चार ओळी टाकल्या होत्या. त्याखाली जवळपास प्रत्येक दुसरी कमेंट एकच: ‘लोकांना हाव सुटते, मग फसतात. भोगा.’ लिहिणारे सगळे आपलेच. कोणी कऱ्हाडचे, कोणी विट्याचे, दोन-तीन साताऱ्यातले रिटायर मास्तर. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा आज जरा लांबण लावतो. वेळ नसेल तर पुढं सरका, राग नाही.

हावेनं माणूस फसतो हे अर्धं खरं आहे, आणि हे अर्धं खरं आपल्याला फार सोयीचं आहे. त्यात फसवणारा एक, फसणारा एक, आणि बाकीचे आपण सगळे पारावर बसून तंबाखू मळत बघणारे. प्रत्यक्षात तसं नसतं ओ. अशी प्रत्येक मोठी फसवणूक शे-पाचशे बारक्या, घरगुती, ‘कुणाचं काय बिघडतंय’ छाप थापांवर उभी असते. आणि त्या थापा कंपनीनं मारलेल्या नसतात, आपण मारलेल्या असतात. मी पण मारलीय. ते खाली येईलच.

कडकनाथ आठवतंय ना? मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी. २०१८ ला झाबुआच्या कडकनाथाला जीआय मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आणि त्याच सुमाराला आपल्याकडं तिच्या नावानं धुरळा उडायला लागला. इस्लामपुरात (तेव्हा हेच नाव होतं) रयत अॅग्रो, महारयत अॅग्रो या नावांनी कारभार. ७५ हजार भरा, २०० पिलं न्या. खाद्य आणि औषध कंपनी देणार. अंडी आणि पक्षी कंपनीच परत घेणार, सुरुवातीच्या अंड्यांना नगाला ५० रुपयांपर्यंत दर. वाळवा, पलूस, मिरज, कऱ्हाड, पाटण, कोल्हापूर, आणि त्याच्याही पलीकडं शेडं उभी राहिली. कोणी सोनं मोडलं, कोणी सोसायटीचं कर्ज काढलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये एकीकडं कृष्णेचा महापूर आणि दुसरीकडं हे कोसळलं. खाद्य यायचं थांबलं. उपाशी कोंबड्या एकमेकींना टोचून मरायला लागल्या. कार्यालयाला कुलूप. फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, शेकडो कोटींचे आकडे सांगितले गेले. सप्टेंबरात महाजनादेश यात्रा जिल्ह्यात आली तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यावर अंडी आणि जिवंत कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. देशभर ते व्हिडिओ फिरले, लोक हसले. आपल्यातलेही हसले.

आता गणित बघा. ५० रुपयांचं अंडं रोज खाणारं गिऱ्हाईक कुठं होतं? इस्लामपुरात नव्हतं, सांगलीत नव्हतं, पुण्या-मुंबईत मूठभर. मग अंड्याचं खरं गिऱ्हाईक कोण? पुढचा शेतकरी. तुमच्या अंड्यांची पिलं त्याला द्यायची आणि त्याच्या ७५ हजारांतून तुमचं पेमेंट करायचं. एका शेडातल्या शंभर कोंबड्यांनी वर्षाला ऐंशी-ऐंशी अंडी दिली तर आठ हजार. त्यातली निम्मी उबली तर चार हजार पिलं, म्हणजे नवी वीस शेडं. पुढच्या वर्षी त्या विसांची चारशे. मग आठ हजार. मग एक लाख साठ हजार. एका शेडापासून चार वर्षांत!

सातवीतलं पोरगं हे करतं. मग बीएस्सी अॅग्री झालेल्यांनी, बँकेत हयात घालवलेल्यांनी का नाही केलं? हाव होती म्हणून? मला नाही पटत. त्या काळात मी निदान तीस-चाळीस घरांत बसलोय. बहुतेकांचा हिशोब एवढाच होता की पोरीचं लग्न उरकावं नायतर सोसायटी फिटावी. ऊस तोडायला येईना, द्राक्षाला व्यापारी येईना, दुधाचा दर कळेना. असा माणूस गणित करत नाही, ओळखीच्याला विचारतो. आणि ओळखीचा जे सांगतो तिथंच सगळा घात आहे.

संवाद असा व्हायचा. फोनवर मेहुणा: “दाजी, पेमेंट येतंय का तुमचं?”

“येतंय की.”

“वेळेवर?”

“अहो पाव्हणं, म्या काय खोटं सांगीन व्हय तुम्हाला?”

दाजीचं पेमेंट दोन महिने अडकलेलं असायचं. तरी तो ‘येतंय की’ म्हणायचा. का? दाजी चोर नव्हता. एक म्हणजे लाज: साऱ्या भावकीला डावलून ७५ हजार घातले, आता अडकलंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? दुसरं, आशा. दोन महिने थांबलंय, तिसऱ्या महिन्यात येईल, मग आपण खोटं बोललो असं होणारच नाही. आणि तिसरं कारण, जे मला कुणी उघड सांगितलं नाही पण नंतर नजर चुकवत मान्य केलं. नवीन माणूस आला तरच आपलं अडकलेलं पेमेंट सुटणार, हे दाजीला मनातून कळलेलं होतं. त्यानं स्वतःलाही ते कधी नीट सांगितलं नसेल. पण कळलेलं होतं.

मेहुण्यानं पैसे भरले. पुढच्या दिवाळीला मेहुणा भाऊबीजेला आला नाही. माझ्या माहितीत अशी चार घरं आहेत जिथं बहिणीचा भावाशी बोलणं-चालण्याचा संबंध कडकनाथनं संपवला. शेकडो कोटींच्या आकड्यात हा हिशोब कुठंच धरलेला नाही.

‘हुशार माणूस फसत नाही, समोरच्याच्या डोळ्यांतच कळतं’ अशीही एक कमेंट होती. नाही कळत. अमेरिकेत बेला डीपाओलो नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभी कारकीर्द खोटेपणाच्या अभ्यासात घातली. खरं-खोटं ओळखण्याचे शेकडो प्रयोग एकत्र करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००६ ला हिशोब मांडला: माणसं शंभरातल्या चौपन्न वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतं. म्हणजे आपली सगळी पारखी नजर चार टक्क्यांची. त्याच बाईंनी त्याआधी, १९९६ ला, लोकांना आठवडाभर आपल्याच खोट्यांची वही ठेवायला लावली होती. साधी माणसं दिवसाला सरासरी एक खोटं बोलत होती, कॉलेजची पोरं दोन. त्यातली बरीच समोरच्याचं मन राखायला, नायतर आपली लाज झाकायला. आपल्या दाजीसारखीच. (एक थाप आमच्या पेशातली: ‘तुमची बातमी पाठवलीय, डेस्कवर अडकलीय.’ बातमी खिशात असते.)

आणि आपण समोरच्यावर विश्वास ठेवतो हा मूर्खपणा आहे का? विट्याच्या बाजूचे गलाईवाले बघा. खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं निघाली, हिंदुस्थानभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकली. तिथला सराफ अनोळखी मराठी पोराच्या हातात तोळ्यांनी सोनं देतो. कागद किती असतो? जवळपास नाहीच. तो सगळा धंदा ‘टंच सांगितला तेवढाच निघणार’ या शब्दावर चालतो. एकानं गडबड केली तर त्या बाजारातल्या सगळ्या गाववाल्यांची भट्टी थंड होते, म्हणून गाववालेच एकमेकांवर डोळा ठेवून असतात. विश्वास ठेवणं वेडेपणा असता तर ही गावं उभी राहिलीच नसती.

पण त्याच तालुक्यांत द्राक्षाचा सौदा बघा. दरवर्षी हंगामात व्यापारी येतो, पहिल्या दोन बागांचे पैसे रोख मोजतो, मग पुढच्या दहा बागा उधारीवर उचलतो आणि एक दिवस फोन बंद. दरवर्षी! तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, नाव बदला, बातमी तीच. मी स्वतः किती वेळा लिहिली मोजलेलं नाही. आणि दरवर्षी बुडालेल्यांतले कित्येक तक्रारच देत नाहीत. ‘लोक हसतील’ म्हणून. शेजारच्यानं विचारलं तर, ‘मिळाले की, थोडे ऱ्हायलेत.’ मग पुढच्या साली तोच दलाल नवा व्यापारी घेऊन शेजाऱ्याच्याच बागेत उभा. गलाईत एकाचं खोटं साऱ्यांच्या पोटावर येतं, म्हणून ते कोणी झाकत नाही. बागेत एकाचं बुडणं ही फक्त त्याची लाज, म्हणून सगळे झाकतात. ‘भोगा’ म्हणणाऱ्यांनो, ही लाज तुमच्या कमेंटनं वाढते. तुम्ही हसता म्हणून तो सांगत नाही, आणि तो सांगत नाही म्हणून पुढचा बुडतो.

आता सरकारकडं येतो. नायतर म्हणाल, सगळं गरिबावरच ढकललं.

संजय गांधी निराधार योजनेत कित्येक वर्षं अट होती की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. दिवसाला ५८ रुपये होतात. ५८ रुपयांत अख्खं कुटुंब जगतं म्हणून सांगणारा दाखला म्हातारीनं आणायचा, तलाठ्यानं अहवाल द्यायचा, तहसील कचेरीनं शिक्का मारायचा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना माहीत की हे खोटं आहे. खरं सांगितलं तर म्हातारी उपाशी. शासनानंच असा आकडा घातला की खरी गरजू बाईसुद्धा खोटं बोलल्याशिवाय आत येऊ शकत नाही. आणि मग त्याच रांगेत ज्याच्या दारात बोलेरो उभी आहे तोही दाखला घेऊन उभा राहतो, कारण त्या कागदाला काही अर्थ नाही हे गावानं आधीच शिकलेलं असतं.

लाडकी बहीणमध्ये हेच मोठ्या मापानं झालं. २०२४ च्या जूनमध्ये जाहीर, महिन्याला १५०० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, घरात सरकारी नोकर नको, आणि हे सगळं खरं असल्याचं हमीपत्र. नोव्हेंबरात मतदान होतं. तोवर कोणाच्या दारातली गाडी मोजायला कोणी आलं? आमच्याच खटाव तालुक्यात एका जोडप्यानं वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तिसेक अर्ज भरल्याचं प्रकरण सप्टेंबरात बाहेर आलं. तेही यंत्रणेनं शोधलं नव्हतं. दुसऱ्याच एका बाईचा अर्ज भरेना म्हणून धागा लागला. मतं पडली, मग पडताळणी सुरू झाली. २०२५ च्या जुलैत सरकारनंच सांगितलं, २६ लाखांहून जास्त अर्जदार अपात्र दिसतात, त्यांचे हप्ते थांबवलेत. चौदा हजारांवर पुरुषांनी लाडकी बहीण होऊन पैसे उचलले म्हणे.

हमीपत्रावर खोटी सही करणारी बाई चुकलीच, मी तिची बाजू घेत नाही. पण जो आधी डोळे मिटून मंजुरी देतो आणि गरज सरल्यावर डोळे उघडतो, त्याला काय म्हणायचं? एकवीसशेचं वचनही त्याच निवडणुकीतलं. आणि विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. आपल्या दोन जिल्ह्यांत प्रचार कसा होतो ते तुम्ही पाहिलंय, जेवणावळी तुम्ही जेवलाय. हिशोब मात्र दरवेळी मर्यादेच्या आत. जो स्वतः असं प्रतिज्ञापत्र भरून निवडून येतो तो तुमच्या हमीपत्राला किती किंमत देणार?

सहीवरून आठवलं. २०१२ ला अमेरिकेत एक शोधनिबंध गाजला होता. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच ‘मी खरं लिहीन’ अशी सही घेतली तर लोक कमी खोटं लिहितात, असा निष्कर्ष. मोठमोठे प्राध्यापक, मोठं नियतकालिक. पुरावा म्हणून वाहन विमा ग्राहकांनी गाडी किती पळाली म्हणून सांगितलं, त्याचे आकडे. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते आकडे तपासले तर तेच बनावट! प्रामाणिकपणावरचा निबंध खोट्या आकड्यांवर उभा होता. तो मागं घेतला गेला. आकडे बनवले कुणी, याची जबाबदारी कुणी घेतली नाही. मला ही बातमी वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ आलं नाही. कारण जे त्या प्राध्यापकांच्या बाबतीत झालं तेच माझ्या बाबतीत झालेलं होतं.

कडकनाथचा धुरळा जोरात होता तेव्हा मी एका जिल्हा दैनिकात होतो. नाव घेत नाही. ‘यशोगाथा’ सदर माझ्याकडं होतं. एका शेतकऱ्याकडं गेलो. शेड छान, कोंबड्या काळ्याभोर, माणूस बोलका. चेक दाखवला. मी चेकचा फोटो काढला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “भाऊ, चेक अजून वटायचा हाय.” तो लगेच म्हणाला, “वटतोय गं, तू जा आत.” मी ऐकलं. वहीत लिहिलं नाही. बातमीत लिहिलं: ‘पहिल्याच हप्त्याचा धनादेश त्यांना मिळाला आहे.’

शब्द न् शब्द खरा. धनादेश मिळालाच होता. धर्मराजानं अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं सांगितलं आणि हत्ती हा शब्द हळू म्हटला, तसं. त्याचा रथ तेव्हापासून जमिनीवरून चालायला लागला म्हणतात. माझी तर मोटरसायकलच होती, ती आधीपासून जमिनीवरच होती. यशोगाथेनंतर दोन पानं सोडून कंपनीची जाहिरात होती. मला कोणी सांगितलं नव्हतं असं लिही म्हणून. सांगावं लागत नाही, हीच तर गोष्ट आहे. वहिनींचं वाक्य घातलं असतं तर सदर छापलं गेलं नसतं, हे मला माहीत होतं, म्हणून ते वाक्य मी मनातच कापलं. संपादकाला कापायची वेळच आली नाही.

डॉ. दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. ऐन सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, २० ऑगस्ट २०१३, आणि त्यानंतर डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. दरवर्षी आपण श्रद्धांजलीची पोस्ट टाकतो. पण ते आयुष्यभर जे एकच करा म्हणून सांगत होते, की पुरावा मागा, ते आपण बुवाला विचारायला शिकलो असू एक वेळ, पाहुण्याला नाही. पाहुण्याला पासबुक दाखव म्हणणं म्हणजे अपमान. मेहुण्यानं दाजीला ‘एंट्री दाखवा’ म्हटलं असतं तर दोघांचं घर वाचलं असतं, पण मग ‘आमच्यावर भरवसा नाय व्हय’ हा डायलॉग ठरलेला.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. ज्यांचे पैसे अशा कुठल्याही स्कीममध्ये अडकलेत त्यांनी ‘नाही आलं’ हे दोन शब्द गावात मोठ्यानं म्हणावेत. ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा राज्यात १९९९ पासून आहे, अनियंत्रित ठेवींवर बंदीचा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे, पण तक्रारच नसेल तर कायदा काय करणार? आणि आम्ही पत्रकारांनी यशोगाथेत चेकचा फोटो छापायचा बंद करावा, बँकेची एंट्री बघावी, आणि जाहिरातीचे पैसे घेतले असतील तर तिथंच लिहावं. माझे दोन-तीन व्यवसायबंधू यावर चिडणार आहेत. चिडा.

राहता राहिलं एक. २०१९ च्या दिवाळीच्या सुमाराला एक गृहस्थ घरी आले. पाटणकडचे, पन्नाशीचे, टोपी हातात. पिशवीतून माझी ती यशोगाथा काढली. लॅमिनेशन केलेली होती. दोन युनिट घेतली होती त्यांनी, दीड लाख. पोलीस ठाण्यात अर्ज कसा लिहायचा हे विचारायला आले होते. मी लिहून दिला. मग न राहवून विचारलं, “काका, तुम्ही माझं वाचून पैसे भरले का?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या लॅमिनेशनकडं, आणि म्हणाले, “छे छे, मी आधीच ठरवलं होतं ओ. तुमचं नंतर वाचलं.”

मी मान डोलावली. बायकोला चहा टाकायला सांगितलं.

कंपनीच्या पावतीची झेरॉक्स त्यांच्या अर्जाला मीच जोडली होती. त्यावरची तारीख माझ्या बातमीनंतरच्या अकराव्या दिवसाची होती.

(शेअर करायचं तर करा. दाजींना टॅग करू नका.)